राहू दे

मार्चअखेरचं क्लोजिंग उरकलं की पुढचा आठवडाभर बँकेतली माणसं नुकतीच तापातून उठल्यासारखी दिसतात. नेमक्या त्याच आठवड्यात दरवर्षी माझ्या मोबाइलवर एक मेसेज यायचा. आपल्या स्टोरेजची मुदत संपत आहे, नूतनीकरणाचं शुल्क भरावं, आणि खाली रक्कम. पहिल्या वर्षी ती १२,००० होती, मग १५,००० झाली, शेवटी १८,०००. लॉकरचं भाडं भरावं तशी मी ती भरून टाकायची आणि पावती घरच्या एका निळ्या फाइलीत लावायची. फाइलीवर माझ्या नवऱ्याच्या, अभयच्या, ठसठशीत अक्षरात एकच शब्द आहे : शिल्लक.

शब्द त्याच्या नोकरीतून आलेला. तो नाशिकमध्ये सातपूरला एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक. मलाही तो परका नाही, माझी २२ वर्षं त्यातच गेली. पण मराठीत शिल्लक दोन ठिकाणी राहते. खात्यात राहिली तर माणूस निवांत झोपतो. रात्री पातेल्यात राहिली तर ती कुणी संपवायची यावरून घरात बोलणी होतात. आमची शिल्लक यातली कुठली, हे आम्ही दहा वर्षांत एकमेकांना विचारलं नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये माझी १४ स्त्रीबीजं काढली. त्यातली ११ पक्व निघाली, ९ फळली, आणि पाचव्या दिवसापर्यंत ५ टिकली. हे आकडे मला मुलीच्या जन्मवेळेइतके पाठ आहेत. पाचव्या दिवशी त्या जिवाला, की जिवाच्या शक्यतेला, ब्लास्टोसिस्ट म्हणतात. शंभर-दीडशे पेशींचा पोकळ गोळा, नुसत्या डोळ्यांना दिसला तर जेमतेम ठिपका. लॅबमधल्या मुलीनं कागदावरचे शेरे समजावून सांगितले होते. '४एबी' असं काहीतरी लिहिलेलं. आकडा म्हणजे तो किती फुगलाय. पहिलं अक्षर आतल्या पुंजक्याचं, त्यातून बाळ होतं. दुसरं बाहेरच्या आवरणाचं, त्यातून वार होते. बाळाला ए, वारेला बी. जन्माआधीच प्रगतिपुस्तक हातात आलं म्हणून अभय हसला होता. मला हसू आलं नाही. माझ्या मनात एकच होतं, बी म्हणजे पास ना?

माझं शरीर औषधांनी फुगलेलं होतं म्हणून लगेच काही ठेवलं नाही. पाचही गोठवले. जूनमध्ये दोन बाहेर काढून पोटात ठेवले आणि पुढच्या फेब्रुवारीत लेक झाली. ती आता नऊ वर्षांची आहे. आपण दोन महिने फ्रीजमध्ये होतो हे तिला माहीत आहे, आणि त्या हिशेबानं आपण वर्गात सगळ्यांत मोठ्या ठरतो असं तिनं शाळेत सांगितल्याचं तिच्या बाईंनी मला सांगितलं.

राहिले तीन.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या जूनमध्ये लेकीबरोबर आणखी एक ठेवला होता. तो रुजला नाही. चौदा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला, पुढे सोनोग्राफीत एकच ठोका दिसला, आणि आम्ही पेढे वाटले. दुसऱ्याचं काय झालं हे ना मी विचारलं, ना अभयनं, ना डॉक्टरांनी सांगितलं. नवातले जे चार पाचव्या दिवसापर्यंत पोचलेच नाहीत त्यांचंही तसंच. त्यांच्यासाठी माझ्या डोळ्यांतून एक टिपूस आलं नाही. शरीरानं परस्पर निकाल लावला की त्याला आपण 'झालं नाही' म्हणतो आणि पुढे जातो. त्या तिघांसाठी मात्र मी दरवर्षी पैसे भरत राहिले. या तिघांत आणि त्या न टिकलेल्या पाचांत फरक एवढाच की या तिघांचा निकाल माझ्याकडे मागितला होता.

दुसरं मूल २०२० मध्ये, असं ठरलं होतं. तेव्हा काय आलं ते सगळ्यांना माहीत आहे. मग सासरे गेले. मग माझ्या गाठींचा त्रास इतका वाढला की २०२३ च्या दिवाळीनंतर गर्भपिशवीच काढली. सरोगसीच्या कायद्यात आम्ही बसत नाही. २०२१ च्या त्या कायद्याप्रमाणे जोडप्याला आधीचं हयात मूल नसावं लागतं, आजारी मुलाचे काही अपवाद सोडले तर. म्हणजे त्या तिघांना ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती आणि दुसऱ्या कुणाची जागा घ्यायची मुभा नव्हती. पिशवी काढल्यावर चौथ्या-पाचव्या महिन्यात एप्रिल आला, मेसेज आला, आणि मी १८,००० रुपये भरले. पुढच्या एप्रिलमध्येही भरले. खातेदारानं असा व्यवहार केला असता तर मी त्याला समोर बसवून विचारलं असतं, काका, हे कशासाठी?

अभयनं विचारलं नाही. फक्त एकदा, पावती फाइलीत लावताना, म्हणाला, "राहू दे." भरायचं की काढून टाकायचं, असं मी विचारलं होतं त्यावर. राहू दे.

आपल्या घरांतला सगळ्यांत जास्त कामाचा शब्द आहे हा. मोडकं घड्याळ, आजोबांची कवळी, न होणारा पोलक्याचा पीस, सगळ्याला एकच उत्तर, राहू दे, लागेल. 'ठेव' म्हटलं तर ठेवण्याची जबाबदारी आली. 'राहू दे' म्हणजे ते आपलं आपण राहतंय, मी फक्त आड येत नाही. दहा वर्षं आम्ही जे भाडं भरलं ते भ्रूण गोठवून ठेवणाऱ्या नायट्रोजनचं नव्हतं, या दोन शब्दांचं होतं.

यंदा जानेवारीत मेसेजऐवजी पत्र आलं. प्रजनन-साहाय्याच्या तंत्रज्ञानाचा जो कायदा २०२१ मध्ये झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, त्याच्या कलम २८ चा हवाला. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं साठवता येतो. मुदत संपली की दोनच वाटा : एक तर तो नष्ट होऊ द्यायचा, नाही तर जोडप्याच्या संमतीनं नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचा. इस्पितळानं आमची तारीख गोठवल्याच्या दिवसापासून मोजली होती. सोबत फॉर्म, चौकोनात खूण करून दोघांच्या सह्या.

दहा वर्षं हा आकडा वाचून मी थबकले, कारण तो माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे. खात्यात दहा वर्षं काहीच हालचाल झाली नाही तर ती रक्कम आम्ही रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग करतो. २०१४ पासून ही पद्धत आहे. दरवर्षी याद्या निघतात. मयत शिक्षक, परगावी गेलेले बिऱ्हाडकरू, लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली. पण त्या निधीतलं एक कलम मला फार आवडतं : पैसे वर्ग झाले तरी खातेदार किंवा वारस कधीही आला, ओळख पटली, की बँकेनं ते द्यायचे. विसाव्या वर्षी आला तरी. रिझर्व्ह बँकेला माणसाच्या विसराळूपणाची दया आहे. कलम २८ मध्ये परत येणाऱ्याची सोय नाही.

त्या कलमातल्या क्रियापदावर मी बरेच दिवस अडकले होते. कायदा 'नष्ट करावा' म्हणत नाही. मूळ इंग्रजीत जे शब्द आहेत त्यांचा सरळ अर्थ 'नष्ट होऊ द्यावा' असा होतो. होऊ द्यावा. म्हणजे दिल्लीत बसून मसुदा लिहिणाऱ्या कुणालाही शेवटचं क्रियापद स्वतःच्या हातानं लिहायचं नव्हतं. तोही एक 'दे'च शोधत होता. आमचा राहू दे, कायद्याचा जाऊ दे.

मी लॅबमधल्या मुलीला विचारलं (ती आता मुलगी राहिली नाही, लॅबची प्रमुख आहे), की तुम्ही नेमकं काय करता? ती म्हणाली, "काही करत नाही, ताई. कॅनमधून काढतो आणि टेबलावर ठेवतो." एवढंच. गोठवताना पाणी काढून घेऊन, औषधात बुडवून, एका झटक्यात उणे १९६ अंशांवर नेतात, त्यामुळे आत बर्फाचे स्फटिक होत नाहीत, सगळं काचेसारखं घट्ट होतं. परत जिवंत हवा असेल तर तितक्याच झटक्यात, ठरलेल्या द्रावणांत, मिनिटांचा हिशेब ठेवून वर आणावा लागतो. नुसता टेबलावर ठेवला तर वर येता येता स्फटिक धरतात आणि पेशी फुटतात. ठेवायला एवढी कला लागते, जाऊ द्यायला टेबल. मग इस्पितळातल्या कचऱ्याची पिवळी पिशवी. "आणि संशोधनाला दिले तर?" तिनं फॉर्मकडे पाहिलं. "चौकोन आहे. पण न्यायला इथं अजून कुणी आलेलं नाही."

तिसरी वाट माझ्या मनात होती. आमच्या शाखेत एक मुलगी आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिच्या दोन खेपा फुकट गेल्या आहेत. तिची इंजेक्शनं बँकेच्या पॅन्ट्रीतल्या फ्रीजमध्ये, आमच्या दह्याच्या डब्यांशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली असतात. ती कसली हे शाखेत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी विचारत नाही. बँकेतल्या माणसांच्या चांगुलपणाचा हा एक अजब नमुना आहे. एकदा संध्याकाळी ती बाथरूममधून डोळे धुऊन आली आणि माझ्या डोक्यात आलं : हिला का नाही? तीन आहेत. एक '४एबी' आहे.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पूर्वी जोडप्यांच्या संमतीनं असं होत असे, आता कायद्यानं ज्या दोन वाटा लिहिल्या आहेत त्यांत ही नाही. मी मान हलवली. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते सुटल्यासारखं. कारण विचारताविचारताच मला दिसायला लागलं होतं : कॉलेज रोडला पाणीपुरीच्या गाडीशी एक मुलगा उभा आहे, त्याची हनुवटी अभयची आहे, आणि मी पिशव्या सावरत पलीकडच्या फुटपाथवरून निघून जाते आहे. पिवळी पिशवी मला सोसणार होती, तो मुलगा सोसणार नव्हता. नष्ट झालं तर चालेल, पण दुसऱ्याचं होऊन जगायला नको. ही काही चांगल्या माणसाची भावना नव्हे. त्या मुलीशी मी अजून नीट डोळा भिडवून बोलत नाही.

बँकेतल्या माणसाला एक खोड असते, नियम कळला नाही की मूळ परिपत्रकापर्यंत जायचं. त्या महिन्यात रात्री लेक झोपली की मी वाचत बसायची. दुसरीकडे लोकांनी काय केलं?

इंग्लंडमध्ये १९९० च्या कायद्यानं पाच वर्षांची मुदत घातली होती. ती पहिल्यांदा भरली १ ऑगस्ट १९९६ ला. ज्यांच्या मालकांनी काहीच कळवलं नाही असे सुमारे ३,३०० भ्रूण तेव्हा बाहेर काढले. पत्रं पाठवली होती, कित्येकांची उत्तरंच आली नाहीत. वाचताना वाटलं, ती घरं काही निष्काळजी नसतील. टेबलाच्या खणात पत्र असेल, आणि इंग्रजीत 'राहू दे'ला जे काही म्हणत असतील ते म्हणून झालं असेल. पुढे त्या देशानं मुदत वाढवत नेली. २०२२ पासून दर दहा वर्षांनी संमती देत ५५ वर्षांपर्यंत ठेवता येतात. माणसाच्या नोकरीपेक्षाही लांब.

अमेरिकेत टेनेसी राज्यात घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याचे सात भ्रूण होते. बाईला ते हवे होते, पुरुषाला नको. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ही माणसं नव्हेत आणि मालमत्ताही नव्हे, मधलं काहीतरी आहे, आणि त्याचा विशेष आदर राखला पाहिजे. निकाल पुरुषाच्या बाजूनं लागला. ३२ वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, शेजारच्या अलाबामाच्या न्यायालयानं नेमकं उलट म्हटलं : गोठवलेले भ्रूण म्हणजे मुलंच. तिथे एक रुग्ण भटकत साठवणीच्या खोलीत शिरला होता, त्यानं हात घातला, थंडीनं हात पोळला, आणि भ्रूण जमिनीवर पडले. ज्यांचे पडले त्यांनी ज्या कायद्याखाली दावा लावला तो लहान मुलांच्या अपघाती मृत्यूचा, १८७२ चा. निकालानंतर तिथल्या काही इस्पितळांनी उपचारच थांबवले. मुलं म्हटल्यावर ती टेबलावर कोण ठेवणार? मार्चमध्ये घाईनं नवा कायदा करून इस्पितळांना संरक्षण द्यावं लागलं.

तिकडे काही बायका आणखी एक करतात. दिवस राहण्याची शक्यताच नसेल असे दिवस निवडून भ्रूण आपल्या शरीरात ठेवून घेतात. प्लास्टिकच्या कांडीत जाण्यापेक्षा आईच्या अंगात जाऊ दे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते खुळ्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मी पोटावरच्या टाक्यांच्या जागी हात ठेवून बसले होते.

आणि कोलकाता. गोठवून मग पोटात ठेवलेल्या भ्रूणातून मूल होऊ शकतं, हे तिथल्या डॉक्टर सुभाष मुखोपाध्यायांनी १९७८ मध्येच करून दाखवलं होतं. ३ ऑक्टोबरला जन्मलेल्या त्या मुलीचं नाव दुर्गा म्हणून सांगितलं गेलं. भ्रूण ५३ दिवस गोठवलेला होता. सरकारी समितीनं त्यांना खोटं पाडलं, डोळ्यांच्या विभागात बदली झाली, आणि १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएममध्ये ज्यांच्या प्रयोगातून १९८६ मध्ये देशातलं 'पहिलं' टेस्टट्यूब बाळ झालं, त्या आनंद कुमारांनीच पुढे मुखोपाध्यायांचे कागद वाचून १९९७ मध्ये सांगितलं, पहिला मान माझा नाही, त्यांचा. माझ्या प्रश्नाशी याचा तसा संबंध नाही. पण ज्या थंडीत माझी लेक दोन महिने होती तिचं भाडं आधी कुणीतरी असं भरून ठेवलं होतं, हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी मला व्हाउचर तपासायला बसवेना.

नाशिकला राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट टाळता येत नाही, आणि ती म्हणजे रामकुंड. देशभरातून माणसं कलश घेऊन येतात. रिक्षावाले त्यांना लांबून ओळखतात. यंदा तर कुंभाच्या तयारीत रस्ते उकरलेले आहेत, तरी खड्ड्यांतून वाट काढत तांबड्या फडक्यातले कलश येतातच. सगळा देश ज्या गावात आपली माणसं सोडायला येतो तिथे मी राहते, आणि माझ्याकडे सोडायला हातात धरता येईल असं काही नव्हतं.

पंचवटीतले एक गुरुजी आमच्या बँकेचे जुने खातेदार. पासबुक भरायला आले तेव्हा मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं. माझं म्हणून नाही, ओळखीच्यांचं म्हणून. ते गडबडले नाहीत, याचंच मला आश्चर्य वाटलं. म्हणाले, शास्त्रात गर्भस्रावाचा हिशेब आहे, जितक्या महिन्यांचा गर्भ तितक्या रात्री आईला अशौच. "किती महिन्यांचा?" मी म्हटलं, पाच दिवसांचा, आणि पोटात नव्हताच. गुरुजींनी काउंटरच्या काचेवर बोटानं गुणाकार केल्यासारखं केलं. "मग शून्य रात्री." पासबुक घेऊन दारापर्यंत गेले, आणि परत आले. "त्यांना सांगा, शून्य असलं तरी एक दिवा लावला तर कुणी नको म्हणत नाही." माझी चोरी त्यांना कळली होती की काय कोण जाणे.

सासूबाईंना सांगायचं की नाही यावर आमचे आठ दिवस गेले. त्या निफाड तालुक्यात, द्राक्षांच्या घरात नांदलेल्या. आता आमच्याकडे असतात. शेवटी मीच एका दुपारी, शेंगा सोलताना सांगितलं. तीन आहेत, गोठवलेले, मुदत संपते आहे. त्यांनी शेंगा थांबवल्या नाहीत.

"थर्मासात ठेवत्यात ते ना? गाईला कांडी भरायला डॉक्टर आणायचा तसला? धूर निघायचा त्यातून."

"तसलाच, आई."

"मग सोपं आहे. वेलीवर घड जास्त आले की काढावेच लागतात. सगळे ठेवले तर एकाचाही मणी फुगत नाही. एक छान फुगलाय ना आपला?"

मला इतकं हलकं वाटलं की मी उठून चहा टाकला. कायदा, न्यायालयं, पंचवटी, सगळीकडे फिरून उत्तर घरातच शेंगा सोलत बसलं होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी स्वयंपाकघरात आले तर त्या अंधारातच बसलेल्या. म्हणाल्या, "अभयच्या आधी एक होतं. पाचवा महिना चालू होता. ह्यांनी बांधावरच्या जांभळीखाली नेऊन ठेवलं." ठेवलं म्हणाल्या, पुरलं नाही. "पुढं तिथं बाग लावायला निघाले तेव्हा मी म्हटलं, तेवढी जागा सोडा. एक ओळ कमी लावली. का म्हणून कुणी विचारलं नाही." मग बराच वेळ काही नाही. खाली दूधवाल्याची गाडी येऊन गेली. "तुमचं कुठं ठेवणार?"

मी पिवळ्या पिशवीचं सांगितलं नाही. म्हटलं, ते डॉक्टर बघतात.

"हं," म्हणाल्या. "राहू दे मग."

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी याच सासूबाईंना धीर द्यायला गांधारीची गोष्ट सांगितली होती. सगळेच डॉक्टर सांगत असावेत. मांसाचा गोळा, व्यासांनी त्यावर शिंपडलेलं थंड पाणी, तुपाचे घडे, शंभर मुलं. तेव्हा मी पुढचं विसरले होते. ते त्या पहाटे आठवलं. व्यास भाग मोजत असताना शंभर भरले आणि एक उरला. शिल्लक. गांधारीच्या मनात मुलगी हवी असं होतं, म्हणून तो एकशेएकावा भाग एका घड्यात ठेवला आणि त्याची दुःशला झाली. शंभर भाऊ कुरुक्षेत्रावर गेले, मागे राहिली ती एकटी. गांधारीला फॉर्म भरावा लागला नाही. तिच्या शिल्लकीला पुरेल एवढे घडे घरात होते.

अभयनं कधी काही म्हटलं नाही असं मी लिहीत आले आहे, ते पूर्ण खरं नाही. सही करायच्या आदल्या रात्री त्यानं निळी फाइल काढली, दहाच्या दहा पावत्या क्रमानं लावल्या, बेरीज केली, आणि म्हणाला, "एवढ्यात एक स्कूटर आली असती." मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला. स्टोअर्समधल्या माणसाला माल राइट-ऑफ करताना खाली कारण लिहावं लागतं. मुदतबाह्य, खराब, हरवलेला. फॉर्मवर कारणाचा रकाना नव्हता. त्याला तो हवा होता, असं मला वाटतं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी म्हणून, आम्ही गेलो. त्या मजल्यावर तशीच गर्दी, तशाच फायली, तशाच बायका एकमेकींच्या पोटाकडे न बघता बसलेल्या. आम्ही पहिल्या चौकोनात खूण केली. अभयनं सही केली. मी केली. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म घेतला, आत जाऊन २०१६ चा जुना कागद काढून आणला, दोन्ही शेजारी ठेवले आणि माझ्याकडे वर बघितलं.

"मॅडम, सही जुळत नाहीये."

हे वाक्य मी गेली २२ वर्षं दुसऱ्यांना म्हणत आले आहे. म्हाताऱ्या बायांना म्हटलंय, हात थरथरणाऱ्या पेन्शनरांना म्हटलंय, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याच्याकडे न बघायला शिकले आहे. मी ऑफिसर झाले २०१८ मध्ये. दिवसाला दोनशे कागदांवर सह्या करून माझी सही झिजत झिजत दोन वेलांट्यांवर आली. २०१६ च्या कागदावर होती ती अख्खी. नाव, आडनाव, शेवटच्या अक्षराखालून मागे ओढलेली रेघ आणि तिच्याखाली दोन टिंबं. ती टिंबं मी कशाला देत असे कोण जाणे.

"जुन्यासारखी करून द्याल का? सिस्टीमला तीच आहे."

मी पर्समधून वाण्याची एक पावती काढली, ती उलटी केली, आणि त्या बाईची सही गिरवू लागले. पहिली जमली नाही. आडनाव फार उभं आलं. दुसरीत रेघ आखूड पडली. मागे रांग होती. अभयनं कोपर काउंटरवर टेकवून कुणाला दिसणार नाही असा आडोसा केला. तिसरी बरीचशी जुळली, फक्त टिंबं राहिली होती.